संचालक आणि सात काळ्या पँटी

३ एप्रिल, सकाळी ७.१०
हिने नोकरी सोडली. कारण काय, तर हिचे साहेब रोज साडेपाचला मीटिंग लावायचे आणि लेकीचं पाळणाघर सहाला बंद होतं. आता ही घरीच कपड्यांच्या अल्टरेशनचं काम घेणार. मी पाठीशी खंबीरपणे उभा राहणार आहे. खरं तर पुढेच उभा राहीन म्हणतो. शिवणकाम हिला येतं, पण मॅनेजमेंट रक्तात असावं लागतं.

४ एप्रिल
स्वतःची संचालकपदी नेमणूक केली. हिला सांगितलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यामुळे निवड बिनविरोध.

७ एप्रिल, रविवार
पहिली मोठी ऑर्डर. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या सात वेटरांच्या नव्या काळ्या पँटी, सगळ्या लांबीला कमी करायच्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नीट झाल्या तर हॉटेलचं सगळं शिवणकाम कायमचं आपल्याकडे. नाही झाल्या तर पुन्हा नोकरी शोधते, असं ही म्हणाली. हिने एकेकाला उभं करून पायाशी टाचण्या लावल्या आणि प्रत्येक पँटीला नावाची चिठ्ठी टोचली. पद्धत जुनाट वाटली. लक्ष घालावं लागणार.

९ एप्रिल, संध्याकाळी ५.३०
डोकं दुखतंय सांगून ऑफिसातून लवकर निघालो. घरी आल्या आल्या आढावा बैठक बोलावली. विषय: पुढची पाच वर्षं. ही चपला घालून दारातच उभी. लेकीला आणायला जायचंय म्हणाली, आणि गेली. धंद्याविषयी गांभीर्य म्हणून नाही.

त्याच दिवशी, ६.१०
वेळ सत्कारणी लावला. पँटींतल्या झाडून सगळ्या टाचण्या काढल्या. पोरीच्या पायात गेली असती एखादी. चिठ्ठ्या एका डबीत भरल्या, पँटी इस्त्री करून एकावर एक रचल्या. सातही आता अगदी एकसारख्या दिसतात. ही आल्यावर खूश होईल.

६.२५
झाली नाही.

१० एप्रिल, सकाळी ८.३०
सातही वेटरांना पुन्हा बोलवावं लागलं. हॉलमध्ये रांग. कुठली पँट कुणाची ते घालून बघितल्याशिवाय कळेना. एकाची मांडीतच अडकली, दुसऱ्याची कमरेवर थांबेना. सगळ्यांत बुटक्या वेटरने मला विचारलं, तुम्ही इथे मदतीला असता का? मी संचालक असल्याचं सांगितलं. मग जरा हे हँगर धरा म्हणाला. धरले. चौदा पाय नव्याने मोजून झाले.

ही आता दोन दिवस मशीनवरून उठणार नाही. मला एकच काम सांगितलंय: आज आणि उद्या पाळणाघरातून लेकीला आणायचं. संचालकाला हे काम. असो. माझ्या साहेबांच्या कानावर घातलं की झालं.

११ एप्रिल, सकाळी ६.४५
काल साडेपाचला साहेबांना म्हटलं, मुलीला आणायचंय. त्यांनी विचारलं, मिसेस तर आता घरीच असतात ना? (ही माहिती मीच कौतुकाने दिली होती.) लगेच मीटिंग सुरू झाली. मधूनच उठून जायचं मी ठरवलं. असं पाच वेळा ठरवलं.

पाळणाघरात पोचलो तेव्हा पावणेसात वाजले होते. ताई हातात कुलूप घेऊन उभ्या. लेक पायरीवर बूट घालून बसलेली. बाबाची मीटिंग होती, असं तिला सांगितलं. आईची पण असायची, ती म्हणाली. रडली नाही, रुसली नाही, नुसती चालायला लागली. फार लाज वाटली.

आज साहेबांना न विचारताच निघणार.

१२ एप्रिल, संध्याकाळी ७
काल निघालो. पाच पंचेचाळीसला पाळणाघरात हजर. साहेबांनी आज मेमो दिला. पँटी मात्र वेळेवर गेल्या आणि हॉटेलचं काम मिळालं. पडदेसुद्धा.

या टप्प्यावर बाजूला होणं मोठेपणाचं, म्हणून संचालकपदाचा राजीनामा लिहून हिच्या हातात दिला. कारणं सविस्तर दिली होती. ही मन वळवायला येईल म्हणून आतल्या खोलीत तासभर थांबलो. शेवटी बाहेर येऊन बघितलं तर राजीनाम्याच्या पाठीमागे हिने पडद्यांची मापं लिहून घेतली होती.