बिनमाशांची टाकी

प्रिय ऋतू,

मी फोन केला की आई सांगते, ती अंघोळीला गेलीय. इतक्या अंघोळी तू आपल्या घरी कधी केल्या नव्हत्यास! म्हणून हे पत्र. वसई ते गोखिवरे रिक्षाचं अंतर, आणि बाबा पोस्टाने बोलतोय. हस खुशाल.

तर बातमी अशी, की नव्या घरात मी टाकी आणली आहे. तुला हवी होती तशीच, लांबट, काचेची. पाणी भरलंय, वनस्पती लावल्यात, दिवा आहे, फिल्टर गुरगुरतोय. मासे मात्र नाहीत. दुकानातला केनी देतच नाही. गास गावचा आहे तो, भलता हट्टी. म्हणतो, नव्या पाण्यात माशांची घाण साचून विष होतं. ते विष खाणारे जिवाणू आधी फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला हवेत. त्यांना जगवायला रिकाम्या टाकीतच चिमूटभर खाणं टाकायचं आणि कुजू द्यायचं. मग रोज सकाळी, चहाच्या आधी, मी कुणीच नसलेल्या पाण्यात जेवण वाढतो. परवा समोरच्या मनोरमाताई डबा द्यायला आल्या. टाकीत खूप वेळ वाकून बघितलं, आणि लपले असतील हो, असं म्हणून हळूच निघून गेल्या. मला खुलासाही करवला नाही.

पाणी जवळजवळ तयार झालं होतं. मग दसरा आला. तुला माहितीच आहे, आपल्याकडे दसऱ्याला यंत्र म्हणून काही सुटत नाही. स्कूटर धुतली, मिक्सर पुसला, लॅपटॉपला कुंकू लावलं. दरवर्षी फुलं वाहायचं काम तुझं, म्हणून यंदा जरा जास्तच उत्साह आणला मी. हा बिचारा फिल्टर रात्रंदिवस राबतो, याला का वगळा? काढला, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत चोळला आणि वर झेंडू ठेवला. दोन दिवसांत तपासणीच्या नळीतलं पाणी हिरवंगार! विष परत आलं. केनीने कपाळावर हात मारला. अख्खी वस्ती मी धुऊन गटारात सोडली होती, वर तिची पूजाही केली होती. शेवटी त्याला दया आली. त्याने स्वतःच्या टाकीतल्या मळक्या स्पंजाचा तुकडा कापून दिला. नव्या टाकीला जुन्या टाकीतलं थोडं काही मिळालं की ती लवकर रुळते म्हणे. आता नळीतलं पाणी पिवळं दिसतंय, म्हणजे टाकी स्वच्छ. माझं काय, मी अजून रुळतोय. संध्याकाळी कुलूप उघडलं की आतून कुणी ओरडत नाही, त्याची सवय होत नाही.

केनी म्हणाला, एकटा माणूस आहात, फायटर मासा न्या. दिसायला राजा, आणि त्याला जोडीला कुणी चालतच नाही. मी नको म्हटलं. या घरात एकटा एक पुरे आहे. निऑन टेट्रा थव्याने राहतात, तळाशी मिशाळ कोरी मासे फिरतात, गप्पी तर काय, महिन्याभरात पोरांनी टाकी भरून टाकतील. केनीला सांगून ठेवलंय की निवडणारी यायची आहे.

त्या दिवशी कोर्टात न्यायाधीश मॅडमनी तुला एकटीला आत बोलावून विचारलं, कुणाकडे राहायचंय. बाहेर आलीस ती थेट बुटाची नाडी बांधायला बसलीस. बांधलेलीच होती ती, ऋतू. तू आईचं नाव घेतलंस, बरं केलंस. तिच्याशिवाय तुला झोप कुठे लागते? घरी येऊन मी रडलो, हे खरं. तुझी आठवण आली म्हणून रडलो, दुसरं काही नाही. कोर्टातल्या त्या दिवसापासून तू माझ्यासमोर यायला घाबरतेस, हे मला कळतं. दिवाळीच्या सुट्टीत ये. दुपारपुरती ये हवं तर. आपण केनीकडे जाऊ, आणि तुला आवडेल तो मासा तू निवड. जो निवडला नाहीस तो रागावत नाही, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं.

तुझाच,
बाबा