मास्क कोणी काढायचा

दि. ३ मार्च

चि. चिमणीस, अ. आ.

आम्ही ठीक, म्हणजे उभे आहोत. आप्पांनी सोमवारी, वाचा गेल्यापासून वापरतात त्या अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवून डॉक्टरांना सांगितलं की श्वासाचं मशीन आता बंद करा. डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, उत्तर तेच आलं. आई हो म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते.

फिजिओथेरपिस्ट म्हणून तू हे काम रोज करतेस. तेव्हा तूच ये आणि तुझ्या हातानं त्यांच्या तोंडावरचा मशीनचा मास्क काढ. परकं माणूस मला चालणार नाही. रागावलेलो नाही, झोप नाही एवढंच.

आशीर्वाद आहेतच.
दादा

दि. ७ मार्च

ती. दादास, सा. न.

रोज नाही रे, वर्षभरात सहा वेळा. आधी जीव घाबरा होऊ नये म्हणून औषध देतात. ते लागू झालं की मी मशीनचा जोर हळूहळू कमी करते, उशा नीट लावते, तोंडातली लाळ काढते. माणूस शांत दिसला की मगच मास्क.

मागच्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक होते. वर्षभर मीच त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेतलेले. मास्क काढला आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "मोठा श्वास घ्या." बिचाऱ्यांनी डोळे उघडले आणि घ्यायला बघितलं. त्यांची बायको माझ्याकडे बघत राहिली. कोणी मला बोललं नाही, पण ते मला अजून खातंय.

आप्पांजवळ जीभ घसरली तर मी कुठे तोंड लपवू? तिथली फिजिओ मुरलेली आहे, मी बोलले तिच्याशी. तिलाच करू दे. भित्री म्हण हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी चिमणी

दि. ११ मार्च

चि. चिमणीस, अ. आ.

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. न विचारता दाखवलं, माझे कान धर. ते डोळ्यांनी हसले. मग तक्ता मागितला आणि पाऊण तास खपून सांगितलं, "मास्क कोणीही काढेल. ती नुसती येऊ दे."

परक्या माणसाबद्दल लिहिलं ते मागे घेतो. गुरुवारी सकाळी दहाला ठरलंय.

दादा

दि. १४ मार्च

ती. दादास, सा. न.

बुधवारी संध्याकाळी पोचते. रजेच्या अर्जात "वडिलांना भेटायला" असं लिहिलं आणि हात थांबला. त्यांच्या आजारपणाच्या दोन वर्षांत दर खेपेला मी आल्या आल्या त्यांची छाती तपासली, पाठ थोपटून कफ काढला, तुम्हाला सूचना दिल्या आणि गाडी गाठली. त्यांचा हात धरून नुसती बसलेली मला आठवत नाही.

आता एकच संध्याकाळ आहे. तेवढ्यात ते शिकायचंय.

तुझी चिमणी