सिमेंटवरची

शीव,
१८ जानेवारी २०२५

ती. बाबांना नमस्कार,

शांताआत्याचा पाय आता बरा आहे, बाजारहाट स्वतः करते. तुमची सकाळची गोळी आईच्या लक्षात राहत नाही, तुम्हीच आठवणीने घ्या. आत्याच्या मदतीला चार दिवस जाते म्हणून निघाले, त्याला तीन आठवडे झाले. फोनवर तुम्ही कधी येतेस विचारलंत की मी तिच्या पायाचं कारण सांगते. खरं कारण तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते.

दहा वर्षं मी काळाचौकीच्या आपल्या मैदानात, सिमेंटवर बास्केटबॉल खेळले. शिवडीकडून वारा आला की चेंडू जरा जास्त जोराने टाकायचा, दुपारचं ऊन डोळ्यांवर आलं की रिंगच्या डावीकडून घुसायचं, हे तुम्हीच शिकवलंत. पुढे तुम्ही दादरच्या क्लबात कोच झालात आणि मला तिथल्या हॉलमध्ये नेलंत. पहिल्या दिवशी मी पार गोंधळले. वारा नाही, ऊन नाही, चेंडू लाकडावर हवा तेवढाच उसळतोय, तरी माझे सगळे नेम बोर्डावर आदळत होते. नसलेल्या वाऱ्यासाठी मी जोर लावत होते. तुम्ही हसलात, मलाही हसू आलं.

त्यानंतर दोन महिने मी ऑफिसच्या आधी, सकाळी सहाला, इथे शीवच्या हॉलमध्ये येत होते. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. क्लबच्या संघाच्या निवड चाचणीत अठरा गुण केले, तेव्हा तुमचा चेहरा बघायचा होता मला. तुम्ही वहीत काहीतरी लिहीत होतात.

यादीत माझं नाव नव्हतं. घरी विचारलं, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "समितीचा निर्णय आहे गं. माझ्या हातात काही नव्हतं." मी तुमच्याच खांद्यावर रडले.

आठवड्याने स्पृहा भेटली. शेवटची जागा तिला मिळाली होती. तिने सांगितलं, चाचणीनंतर ती बॅग घ्यायला क्लबच्या ऑफिसच्या दाराशी आली, तेव्हा समितीच्या बाई तुम्हाला विचारत होत्या, दर्शना की स्पृहा. तुम्ही म्हणालात, "दर्शना सिमेंटवरची आहे. हॉलमध्ये तिचा अंदाज चुकतो."

मी आईला विचारलं. तिला सगळं माहीत होतं. भाकरी थापता थापता म्हणाली, "लोक म्हणाले असते, स्वतःची मुलगी घेतली."

बाबा, लोकांची भीती मला समजते. तेच मला सांगितलं असतंत, तर मी भांडले असते, चार दिवस जेवले नसते आणि मग गप्प बसले असते. पण तुम्ही माझ्या खेळाबद्दल खोटं बोललात, अठरा गुण डोळ्यांनी बघून. आणि वर मला जवळ घेतलंत. त्यानंतर आठवडाभर मी तुम्हाला चहा करून देत होते, आणि तुम्ही तो पीत होतात.

इथल्या संघाने मला घेतलंय. नऊ फेब्रुवारीला दादरच्या हॉलमध्ये आमचा सामना तुमच्या मुलींशी आहे. मी कशी खेळते ते त्यांना आधी सांगून ठेवा, तुमचं कामच आहे ते. मध्यंतरात मात्र मला काही समजवायला येऊ नका. त्या दिवशी माझी कोच दुसरी असेल.

आईला नमस्कार सांगा.

दर्शना राजेश परब