शिवतेजची पिशवी

सोमवार, ५ जानेवारी

आमचा नातू शिवतेज सातवीत, अन् हातात सुई! शाळेत नव्या बाई आल्यात. पोरापोरींनी सगळ्यांनी हातानं पिशवी शिवायची, शनिवारी शाळेत मांडायची. मशीन न्हाई चालणार, आईचा हातबी न्हाई. सूनबाई दीपमाला रुसलीय. गेल्या साली तिनंच हस्तकलेला दहिवडीतनं इकतचं तोरण आणून दिलतं. बक्षीसबी मिळालं!

मंगळवार, ६

माझी शाळा तिसरीपतूर. तवा आमी टकळीवर सूत काढायचो. पुढच्या वर्गात पोरींना शिवण, पोरांना सुतारकाम. शिवणाच्या आधीच मला मेंढरांमागं धाडली — सुटले! माझ्या लेकाच्या, नानासोच्या वक्ताला हस्तकलेचा तास नुसता भिंतीवरच्या वेळापत्रकात. गुरुजी त्या तासाला गणितं घालायचे.

बुधवार, ७

शिवतेजचे टाके बघितले. म्हनलं, शेरडं पांगल्यावानी दिसतात. पोराचं तोंड उतरलं. सगळं उसवलं, परत शिवाय बसला. उद्या त्याचा बाप फौजेतनं रजेवर येतोय. "आज्जे, पप्पांना सांगू नगंस. हसतील."

हसू दे की, म्हनलं. पन पिशवी मीच गोधड्यांच्या घडीत घातली.

गुरुवार, ८

नानासो आला. लय वाळलाय. मटण शिजतंय.

शुक्रवार, ९

थंडी म्हणून नानासोनं सकाळी गोधडी ओढली, पिशवी पडली पुढ्यात. कुनी शिवली? पोरगं माझ्या पाठीमागं. मी काय तरी थाप ठोकणारच होते, तवर ते आपणच म्हनलं, "मी."

नानासो हसला न्हाई. ट्रंकेतनं डबी काढली. आत सुया, खाकी दोरा, बटणं. एवढी वर्सं ही डबी आमाला ठावं न्हाई!

"पहिल्या परेडला माझं बटण लोंबत हुतं. अख्खी पलटण हसली. सुई कशी धरायची, कुनी शिकवलंच न्हवतं."

मग बापलेक उंबऱ्यात बसले. पिशवीला हात न्हाई लावला त्यानं, दुसऱ्या चिंधीवर दाखवलं. "गाठ आतनं मारायची रं." दोनदा चहा नेला, दोन्ही बारीला गार झाला. पिशवी संपली तवा ऊन कललं हुतं. बंद एक लांब, एक आखूड. मी गप बसले. जमतं मला कधी कधी.

शनिवार, १०

पहाटे फोन आला, नानासोची रजा मोडली. यष्टीत बसला तवा पिशवी त्याच्या खांद्याला. पोरानंच दिली.

शाळेत सगळ्यांच्या पिशव्या मांडलेल्या, शिवतेजचा बाक रिकामा. बाईंनी इचारलं, कुठाय रं?

म्हनला, "ड्युटीवर गेली."