अंजनाइट: कोरडे ठेवावे

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो, कारण घर बापाने बांधले आणि शेत सासऱ्याने दिले. एसटीच्या तुटलेल्या कमानपट्ट्याची छिन्नी. धावड्याच्या दांड्याचा हातोडा. सायकलच्या आरीचा तराजू, ज्यावर दगड आधी हवेत आणि मग पाण्यात तोलून त्याचा जडपणा काढतो. आणि फुटक्या फरशीच्या पाठीची कसपट्टी. तिच्यावर दगड घासला की त्याच्या पुडीचा खरा रंग उमटतो. सर्व चालू स्थितीत.

मी देवराव तुकाराम बोरकुटे, वय छप्पन्न, राहणार नागभीड, चिचखेड्याच्या बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीतला माजी पंपचालक, पूर्ण शुद्धीत आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. पुढच्या महिन्यात नागपूरला छातीचे ऑपरेशन आहे, म्हणून लिहितो. शिक्षण दहावी, खनिजशास्त्र घरी.

१. घर, शेत व बँकेतली ठेव पत्नी अंजना हिला, बिनशर्त. हा शब्द पुढे कामास येईल.

२. वरील हत्यारे मुलगी रंजीता हिला. ती आरमोरीला शिकवते. कपाटात ठेवू नयेत, पोरांना हाताळू द्यावीत.

३. धाकटा भाऊ गोपाल याने मला गावभर 'गोटेमास्तर' केले आणि माझ्या तराजूवर मिरच्या तोलल्या. त्याला माझी सायकल. आऱ्या मोजून घ्याव्या, एक कमी आहे.

४. बरणीतला निळा खडा. तो कोणीही, कोणत्याही कारणाने धुवू नये. खाणीतला प्रत्येक दगड मी ब्रशने धुऊनच तपासायचो. मातीखाली रंग खोटा दिसतो, हा माझा नियम. या खड्यावरची निळी साय मात्र पाण्यात विरघळते. असे किती खडे मी धुऊन वाया घालवले, ते मोरीलाच ठाऊक. हा वाचला, कारण त्या दिवशी अंजना मोरीत बसली होती. "भांडे घासू का तुमचे गोटे धुऊ?" म्हणाली, आणि उचलून धानाच्या ढोलीवर टाकला. सात वर्षे तिथेच कोरडा राहिला. नागपूरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या दीपिका मॅडमनी तपासून सांगितले, असे खनिज आजवर कुठे नोंदलेले नाही. खडा सार्वजनिक संग्रहालयाला द्यावा. नव्या चपलांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बरणीत आहेत, त्या काढू नयेत.

५. नाव. शोधणाऱ्याने स्वतःचे देऊ नये असा संकेत आहे, आणि जिवंत माणसाचे द्यायचे तर त्याची लेखी संमती लागते. मी 'अंजनाइट' सुचवले. संमतीचा कागद अंजनाच्या सहीवाचून फ्रीजवर पडून आहे आणि त्यावाचून प्रस्ताव अडला आहे.

"लोकं काय म्हणतीन? अंजना पाण्यात इरघळते?"

मी म्हणालो, "कोरडं ठेवलं तर शंभर वर्षं टिकते."

"मंग मले इतके वर्षं मोरीत काऊन ठेवलं?"

सही करणे न करणे तिच्या मर्जीवर. घर दोन्ही परी तिचेच. पण मला ती सही हवी आहे.

६. ठेवीतून पहिला खर्च मोरीचा. वर पत्रा, खाली फरशी, आणि उभ्याने भांडी घासता येतील असा ओटा. उंची अंजनाच्या कोपराला मापून घ्यावी, अंदाजाने नाही.

नागभीड, दि. ८ ऑगस्ट २०२५
सही: दे. तु. बोरकुटे
साक्षीदार: १. बापूराव मेश्राम, निवृत्त पोस्टमन २. नीलाबाई ठाकरे, अंगणवाडी सेविका

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. हिच्याखालीही आम्ही तिघे सह्या करत आहोत. वरचे वाचून दाखवताना अंजना चहा घेऊन दारात उभी होती, म्हणून एक कलम गाळले. आता ती दळण आणायला गेली आहे.

मार्चमध्ये जयपूरहून एक रत्नव्यापारी आले होते. त्यांना खडा नको होता. म्हणाले, खडा खुशाल संग्रहालयात जाऊ द्या, फक्त नाव माझ्या दिवंगत आईचे सुचवा, आणि त्याबद्दल द्यायच्या रकमेचा आकडा सांगितला. मी म्हणालो, नाव ठरले आहे. त्यांनी विचारले, "सही झाली?" "नाही." "मग ठरलं कसं?" मी त्यांना चहा पाजला आणि स्टेशनवर सोडून आलो. अंजनाला सांगितले नाही. सांगितले असते तर मी नाकारलेल्या आकड्याकडे पाहून तिने सही केली असती, आणि तशी सही मला नको होती. तो आकडा तिने माझ्यामागे वाचावा: चार लाख साठ हजार रुपये.