गळालेलं शून्य

चि. चिऊस मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझी वकिली आणि तुझा तो खोकला (शेवटची दोन्ही एकदमच सुरू झाली होती, म्हणून विचारतो) ठीक असतील असं धरून चालतो. इकडे मामी मजेत. मी कसा आहे ते पुढे कळेलच.

त्याचं असं झालं. तुझी मामी जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आली. फळ्यावर चंद्राचे खड्डे इतके सुरेख काढायची, की पुढच्या तासाच्या बाई फळा पुसायला कचरत. पण खरे खड्डे तिने कधी पाहिले नाहीत. आणि मी पडलो चष्मेवाला. गिऱ्हाइकांना जवळचं दाखवता दाखवता केस पांढरे झाले, घरच्या माणसाला लांबचं काही दाखवायचं राहूनच गेलं. अशात एकदा मोबाईलवर मोठी दुर्बीण दिसली, तिपाईसकट, आणि किंमत एका बऱ्यापैकी चष्म्याएवढी! मामी खांद्यावरून बघत होती. मी बटण दाबलं. ‘आपली ऑर्डर पक्की झाली, अभिनंदन’ असं उत्तर आलं आणि पैसेही कापले गेले.

मग काय, आम्ही गच्चीवर राहायलाच गेलो म्हण ना. कपड्यांच्या दोऱ्या सोडल्या, मोडक्या कुंड्या हलवल्या, तिपाईचे पाय येतील तिथे मामीने खडूने खुणा केल्या. दुकान बंद करून मी वर जायचो आणि नसलेल्या दुर्बिणीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. चंद्र पाण्याच्या टाकीमागून सावकाश वर यायचा. मामी खड्ड्यांची नावं सांगायची, मी हं हं करायचो, आणि खरं सांगतो चिऊ, मला ते दिसायचे. (चष्मा काढूनसुद्धा.)

परवा कंपनीचं उत्तर आलं. किंमत टाकताना एक शून्य गळालं, सबब ऑर्डर रद्द, पैसे परत. वर हे वाक्य: ‘सदर चूक कोणाही ग्राहकास उघड दिसण्यासारखी होती.’

आता माझी पंचाईत बघ. चूक दिसली होती म्हणावं, तर केस गेली. दिसली नव्हती म्हणावं, तर दुकान गेलं. ज्याला शून्य दिसत नाही त्याच्याकडून डोळे कोण तपासून घेणार? समोरचा औषधवाला आत्तापासूनच मला बोटं दाखवून ‘किती?’ विचारतो. तेव्हा ग्राहक मंचात असं काहीतरी मांड, की मामांचे डोळे उघडे होते, पण मामा स्वप्नात होते. अभिनंदन त्यांनी केलं, पैसे त्यांनी घेतले, मग सौदा झाला नाही तर काय झालं? शून्य माझ्या हातून गळालं असतं तर सोडलं असतं का मला? मला पैसे नकोत, दुर्बीणच हवी. मामीचा हिरमोड झालेला मला बघवणार नाही.

तुझा,
मामा

ता. क. – रद्द झाल्याचं मामीला अजून सांगितलेलं नाही, फोनवर बोलून बसशील. पत्र तिच्याच हाती टाकायला देतोय, पण पाकीट घट्ट चिकटवलं आहे.

ता. क. (मामीकडून) – पाकीट घट्ट नव्हतं. चिऊ, गळालेलं शून्य मला तेव्हाच दिसलं होतं. ‘दाबा लवकर’ मीच म्हटलं. रद्द झाल्याचं यांच्या तोंडावरच वाचलं. पण इतक्या वर्षांत हे कधी दिवेलागणीला घरी आले नव्हते गं. आता रोज येतात आणि माझ्या शेजारी बसतात. दुर्बीण आली की तिला जागा एकाच डोळ्याची, आणि तो डोळा कोणाचा असेल हे तुला माहीत आहे. केस जरूर घे. फक्त सावकाश चालव.