आई सत्तराव्या मजल्यावर

बाबा, आईला मी सिंगापूर दाखवून आणलं. परत येऊन महिना झाला, तरी ती शेजारच्या काकूंना तिथल्या इमारतींचे मजले सांगते आणि दर खेपेला दोनचार वाढवते. तुम्हाला कळवायचं आहे ते वेगळंच. तिथे एका दिवशी मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

रायपूरच्या एका टूरवाल्यासोबत आम्ही गेलो होतो. आईच्या पासपोर्टासाठी भोपाळला दोन चकरा झाल्या. तिथल्या बाबूनं तुमचं नाव विचारलं, तुमचं काम विचारलं नव्हतं, तरी ती सांगूनच मोकळी झाली, "प्लांट में खलासी थे. बहुत ऊपर काम करते थे." खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे, पोलादाच्या कारखान्यात भट्टीच्या आणि चिमणीच्या माथ्यावर चढून लोखंड जोडणारा, हेही तिनंच त्याला समजावलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. घरी ती तुमच्या कामाचा विषयसुद्धा काढत नसे.

तिसऱ्या दिवशी टूरवाल्यानं सगळ्यांना मोकळं सोडलं. सकाळी नऊलाच अंगाला कपडे चिकटतील असा दमट उकाडा होता, आपल्या मे महिन्याच्या कोरड्या झळांपेक्षा अगदी वेगळा. आम्ही मोठमोठ्या दुकानांच्या रस्त्यावर गेलो. पहिल्या मॉलच्या दारातच थंडगार हवा अंगावर आली तशी आईनं पदर खांद्याभोवती गुंडाळला. सरकत्या जिन्यापाशी ती थांबली, निऱ्या मुठीत धरल्या, माझा हात बाजूला केला आणि पाऊल टाकलं. वर पोचल्यावर मात्र कठड्याकडे गेली नाही. भिंतीला धरूनच तिनं मान पुढे काढून पाहिलं. मधे पाच मजले पोकळ, खाली कारंजं. "मधात एवढी जागा कावून सोडली? दोन-दोन खोल्या निघाल्या असत्या," ती म्हणाली. मी प्लांटच्या डिझाइन ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते, म्हणून हा जाब मलाच होता.

दुपारी मला त्या प्रसिद्ध उंच हॉटेलच्या माथ्यावर जायचं होतं. सत्तराव्या मजल्यावर बसून चहा पिता येतो, असं टूरवाल्यानं सांगितलं होतं. आई म्हणाली, "तू जा. मी येथे खालीच बसते." मला नवल वाटलं नाही. नोकरी लागल्यावर प्लांटच्या वसाहतीत सेक्टर १० मधलं वरच्या मजल्याचं क्वार्टर मला लगेच मिळत होतं, पण तळमजल्याचं मिळेपर्यंत तिनं मला सहा महिने थांबवलं होतं. उंच म्हटलं की ती खालीच बसायची. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन मी परत आले, तर ती बाकावर बसून वर पाहत होती. समोर एक इमारत बांधून होत होती, तीसेक मजल्यांची असेल. माथ्यावर एक माणूस उघड्या गर्डरवरून चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होता. आई त्यालाच पाहत होती. तो बसला, काही आवळलं, उठला, पुन्हा चालू लागला. अर्धा तास ती हलली नाही.

मग म्हणाली, "तो घाबरून नाई राहिला."

"सवय असते, आई. पट्टा बांधलेला असतो."

"तुये बाबा असेच चालत असतील काय?"

"हो. असेच."

"मले वर ने. तो बरोबरीनं दिसंल एवढ्या उंच."

लिफ्टमधे तिनं डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. कानांत दडे बसले तसा तिनं जोरात आवंढा गिळला. वर काचेपाशी तिला मी हळूहळू नेलं. खाली बंदर, खेळण्यासारखी जहाजं, आणि तो माणूस आता आमच्याही कितीतरी खाली होता, पिवळ्या टोपीचा ठिपका. ती काचेला कपाळ टेकून उभी राहिली. चहा आला, निवला. मग माझ्याकडे न पाहता बोलली.

"मी त्यायले खाली उतरवलं. रोज भांडली. स्टोअरमधे जा म्हणून महिनाभर बोलली नाई त्यायच्याशी. एवढं मोठं काम करणारा माणूस, खिडकीत बसून नटबोल्ट वाटत होता. दोन वर्षांत गेला. डॉक्टर हार्ट म्हणे. मले माहीत हाय काय होतं ते."

बाबा, तेव्हा मी बोलले. तुम्ही मला सायकलवर बसवून बाजारात नेलं होतं तो दिवस मी तिला सांगितला. मी नववीत होते. तुम्ही मला कंपासपेटी घेऊन दिली, त्रिकोणी पट्ट्यांसकट, आणि दुकानाबाहेर उभे राहून म्हणालात, "आज वर माये पायच जमून गेले. खांबाले मिठी मारून बसलो. दोघायनं मिळून उतरवलं मले. साहेबाले सांगून आलो, स्टोअरमधे टाका." मी काही विचारायच्या आत दरडावलंत, "आईले सांगशील तर याद राख. तिले वाटू दे तिच्या बोलण्यानं उतरलो. खुश राहील." मी तसा शब्द दिला. आणि ती खरंच खुश झाली होती. त्या संध्याकाळी तिनं पुरणपोळी केली, तुम्ही चार खाल्ल्या आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

आईनं सगळं ऐकलं. खुर्ची ओढून बसली. मला वाटलं रडेल. तिनं कप पुढे ओढला आणि म्हणाली, "म्हणजे मायं आयकलंच नव्हतं त्या माणसानं."

"नाही."

"एकदाही नाई आयकलं. मी आपली समजून राहिली की एवढी एक गोष्ट तरी आयकली." आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहायला लागली. मग निवलेला चहा पिऊन टाकला आणि विचारलं, "घाबरले होते म्हणतेस? लय घाबरले होते?" मी म्हटलं, खूप. "मले सांगतलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्यायले?" ती म्हणाली. आता आवाजात राग होता, बायका जिवंत नवऱ्यावर रागावतात तसा, आणि तो मला ऐकायला बरा वाटला. उतरताना लिफ्टमधे तिनं डोळे उघडे ठेवले. संध्याकाळी आणखी दोन मॉल पाहिले. काहीच घेतलं नाही, सरकत्या जिन्यावरून मात्र दोनदा चढउतार केली.

"इतकी वर्षं मले का नाई सांगतलं," असं तिनं मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं, तर तुम्हाला शब्द दिला होता असं सांगितलं असतं, आणि तिनं ते मानलंही असतं. पण हे पत्र कुठे जायचं नाही, तर इथे लिहून टाकते. ती मनात काय घेऊन बसली आहे, याचा अंदाज मला होता. तुमच्या प्रत्येक श्राद्धाला ती ताटावर गप्प बसायची ते मी पाहत होते. तरी बोलले नाही, कारण तुमची ती भीती घरात फक्त मला माहीत होती, आणि मला ती कुणाला द्यायची नव्हती.